नऊ नंबरचा नियम

रावसाहेब मोहोळकरांच्या नजरेतून एकेचाळीस वर्षांत एकही चूक सुटली नव्हती. असं ते स्वतःच सांगत. बाकीचे सांगत नसत, पण नाकारायची हिंमतही कुणाची नव्हती. कारण नाकारताना बोलण्यात काही चुकलं, तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय रावसाहेब पुढचं ऐकत नसत. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. पंचांगं, क्रमिक पुस्तकं, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यांच्या तांबड्या पेनाखालून गेलं. निवृत्त झाल्यावर छापील मजकूर कमी पडायला लागला, तेव्हा त्यांनी घरात लक्ष घातलं. यमुनाबाईंनी वाण्याच्या यादीत 'शेंगदाने' लिहिलं की त्यातल्या 'न'भोवती गोल पडे, आणि यादी आधी शुद्ध होऊन मग वाण्याकडे जाई. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. यमुनाबाई म्हणत, "सासूबाईंनी मला कधी छळलं नाही हो. त्यांच्यापर्यंत पाळीच आली नाही."

त्यांची जुनी काणेकर बिल्डिंग नदीकडे पाठ करून उभी होती. बांधणारी माणसं शहाणी होती. मुठेचा वास त्यांना ठाऊक होता, म्हणून नदीच्या बाजूला त्यांनी फक्त मोऱ्या काढल्या. मग नदीकाठ सुधारायचं ठरलं. फरसबंद रस्ता झाला, बाकं आली, दिवे आले, आणि ज्या नदीला सत्तर वर्षं कुणी खिडकी दिली नव्हती, तिचा एका रात्रीत 'व्ह्यू' झाला. लगोलग बिल्डर आला. बिल्डिंग पडली आणि तिच्या जागी सोळा मजली 'ला मुठा रिव्हेरा' उभी राहिली. जुने लोक तिला 'लामुठा' म्हणत, एका दमात. नदीकडचे फ्लॅट नव्या लोकांनी घेतले. जुन्या बारा भाडेकरूंना खालच्या मजल्यांवर, बोळाकडे तोंड करून, घरं मिळाली. नदी त्यांना, बोळ यांना. वासाची वाटणी तेवढी समान झाली.

या सगळ्यात यमुनाबाईंचं एकच गेलं, पण नेमकं तेच गेलं. ऊन गेलं.

जुन्या बिल्डिंगमागे नदीत उतरणाऱ्या काळ्या पायऱ्या होत्या. त्यांवर दर चैत्रात यमुनाबाईंचं वाळवण पडे: कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चिकोड्या. पेठेत त्यांच्या कुरडईला नाव होतं. पांढरीशुभ्र, तळली की ताटाएवढी फुलणारी, आणि मोडताना आवाज करणारी. बांधकाम चालू असताना दोन वर्षं धायरीला भाड्याच्या घरात काढली, तिथे बाल्कनीत ऊन यायचं ते शेजारच्या इमारतीच्या काचेवरून, उसनं. कुरडई त्यावर वाळत नाही, आंबते. दोन उन्हाळे डबे रिकामे गेले. यमुनाबाई तक्रार करत नव्हत्या. फक्त एकदा म्हणाल्या, "अजून चार-पाच वर्षं सोऱ्या फिरवेन मी. त्यातली दोन गेली." रावसाहेबांना ते लागलं. पण लागलेलं बोलून दाखवायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी "सोऱ्या फिरवत नाहीत, दाबतात" असं सांगितलं.

लामुठात राहायला आल्यावर यमुनाबाईंना पहिल्या मजल्यावरचा 'रिव्हर डेक' सापडला. इमारतीपासून नदीकडे चांगली पुढे आलेली, सगळ्यांच्या मालकीची मोकळी फरशी. साडेनऊला ऊन यायचं ते सहाला जायचं. चार आरामखुर्च्या आणि एक कुंडीतला बांबू सोडला तर तिथे कुणी नसायचं. कारण दुपारी ऊन आणि संध्याकाळी डास. यमुनाबाई रोज जाऊन फरशीवर तळहात टेकून बघत. पोळलं की समाधानाने मान हलवत, आणि मग उसासा टाकत. "अहो, एवढं ऊन नुसतं वाया चाललंय," त्या घरी येऊन सांगत. घरात दिवसा दिवा लागत होता, त्यामुळे ते ऐकायला आणखी वाईट वाटायचं.

तो तळहात सौमित्रनेही पाहिला. सौमित्र अकराव्या मजल्यावर राहायचा, खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि सोसायटीचा अध्यक्ष होता. बाकी कुणी हात वर केला नाही म्हणून झाला होता. मुलगा वाईट नव्हता. जिन्यात भेटला तर पिशवी घ्यायचा. पण डेकचे फोटो त्याने मित्रांना पाठवले होते, आणि त्या फोटोत उद्या पापड दिसतील या कल्पनेने त्याची झोप उडाली. त्याने डेकचे तेरा नियम इंग्रजीत लिहिले, जुन्या लोकांसाठी संगणकाकडून मराठीत करून घेतले, आणि नववा, वाळवणाचा, स्वतः मराठीत टाइप करून मध्ये घातला.

"काका, तुम्ही एकदा शुद्धलेखन बघून द्याल? म्हणजे नंतर कोणी काही बोलायला नको," तो कागद घेऊन खाली आला.

रावसाहेबांचा चेहरा उजळला. तीन वर्षांत एवढ्या चुका असलेला कागद त्यांच्या हातात आला नव्हता. 'डेकवर रात्री दहानंतर पक्ष करू नये.' पार्टीचा पक्ष झाला होता. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'कोणता? शुक्ल की कृष्ण?' पुढे 'चेंडूची शिकार करू नये' होतं, 'बॉल गेम'चं. बांबूच्या कुंडीत 'सिगारेटचे कुल्ले', म्हणजे 'बट्स', टाकण्यास मनाई होती. ती ओळ त्यांनी दोनदा खोडली. तास दीड तास ते मजेत होते. आठ नियम झाले, कागद तांबडाभडक झाला, आणि ते नवव्यावर आले.

'९. नदीकडील डेकवर कुरडया, पापड इत्यादी वाळवण घालून ये.'

सौमित्रचा अंगठा एक अक्षर उशिरा पडला होता. 'घालू नये'चं 'घालून ये' झालं होतं. दोन शब्दांमधली जागा एवढीशी सरकली होती, आणि बंदीचं आमंत्रण झालं होतं.

रावसाहेबांचं पेन आपोआप खाली गेलं. एकेचाळीस वर्षांची सवय, हात डोक्याला विचारत नाही. टोक कागदाला लागणार एवढ्यात स्वयंपाकघरातून यमुनाबाईंच्या डब्यांचा आवाज आला. रिकामे डबे त्या पुसून, पुन्हा तसेच रिकामे, फळीवर लावत होत्या.

पेन हवेत राहिलं.

चूक करणं हे पाप होतं. त्याबद्दल रावसाहेबांच्या मनात शंका नव्हती. आपल्या हाताने 'नये'चा 'न' सरकवला असता, तर त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नसतं. पण ही चूक त्यांनी केली नव्हती. ती आधीच झालेली होती, स्वतःच्या पायांनी चालत घरात आली होती. तिला फक्त बाहेर काढायचं नव्हतं. हा मुद्दा त्यांनी दोन बाजूंनी तपासला, आणि तो खोटा आहे हे कळूनही त्यांना आवडला. मग त्यांनी पुढचे पाच नियम एरवीपेक्षा जास्त कडकपणे दुरुस्त केले, खाली 'तपासले. रा. मो.' अशी सही केली, आणि कागद सौमित्रला देताना जरा खोकले.

सर्वसाधारण सभेत नियम वाचून दाखवायचं काम दत्तप्रसाद सरांकडे होतं. सर सेक्रेटरी होते. तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले होते. रावसाहेबांची एक तरी चूक सापडावी ही त्यांची जुनी इच्छा होती. काणेकर बिल्डिंगमध्ये असताना रावसाहेबांनी त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत, छापून आल्यानंतर, दोन चुका दाखवल्या होत्या. तेव्हापासून सर त्यांची प्रत्येक चिठ्ठी भिंगातून वाचत. सरांनी खणखणीत आवाजात नववा नियम वाचला. 'घालू नये' आणि 'घालून ये' कानाला सारखंच लागतं. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं. नियम एकमताने मंजूर झाले. यमुनाबाईंनी हात वर केला नाही, पण कुणी मोजलाही नाही. घरी येऊन त्यांनी कुरडयांचे डबे फळीवरून काढले आणि माळ्यावर टाकले.

रावसाहेबांनी माळ्याकडे पाहिलं. सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण यमुनाबाईंना सांगितलं असतं, तर शेजारच्या कमरजहां भाभींना दहा मिनिटांत कळलं असतं, आणि नियमांची पाटी अजून कोरायला जायची होती. आठ दिवसांनी पाटी डेकवर लागली. स्टीलची, अक्षरं खोल कोरलेली, खडूने किंवा रंगाने बुजणार नाहीत अशी. रावसाहेब संध्याकाळी जाऊन नववी ओळ बघून आले. जागा सरकलेली ती सरकलेलीच होती. त्यांनी घरी येऊन चहा मागितला आणि म्हणाले, "गहू भिजत घाल."

"कशाला?"

"कुरडयांना."

यमुनाबाईंनी कप खाली ठेवला. "आणि वाळवू कुठे? तुमच्या टकलावर?"

"तू घाल. चार किलो घाल."

"अहो, नियम झालाय. तुम्हीच तर तपासून दिलात! माझ्याच वाळवणावर बंदी, आणि खाली नवऱ्याची सही." हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. नियमापेक्षा त्या सहीचं त्यांना जास्त लागलं होतं, हे रावसाहेबांना तेव्हा कळलं.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"शुद्धलेखनात आहे," यमुनाबाई म्हणाल्या. पण गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, चौथ्या दिवशी दळून, पिळून, गाळून चीक काढला आणि पातेल्यात निवळायला ठेवला. आता मागे फिरणं नव्हतं. चीक एकदा निघाला की दुसऱ्या दिवशी शिजवावा लागतो, शिजवला की गरम असतानाच घालाव्या लागतात, आणि घातल्या की ऊन लागतंच. नाहीतर चार किलो गहू आणि पाच दिवसांची कंबर, सगळं मोरीत.

रविवारी सकाळी साडेसातला यमुनाबाई शिजवलेल्या चिकाचं पातेलं, सोऱ्या आणि धुतलेल्या चादरी घेऊन डेकच्या दाराशी उभ्या राहिल्या. मागे पाट घेऊन कमरजहां भाभी होत्या. चाळीस वर्षांच्या शेजारीण, बिल्डिंग पडली तरी शेजार न पडलेल्या. त्यांच्याकडे ताकात भिजवलेल्या मिरच्यांचं ताट होतं, कारण एकीची फजिती व्हायची तर दोघींची होऊ दे असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्यांच्या मागे रावसाहेब, हात पाठीशी बांधून. दारात वॉचमन नागोराव उभा होता. यवतमाळकडचा माणूस. नोकरीवर येऊन महिना झाला होता, आणि डेकचे चौदा नियम पाठ करायला सौमित्रने त्याला बजावलं होतं. यमुनाबाईंनी पाऊल आत टाकलं नाही.

नागोराव बाजूला झाला.

"आजी, काऊन थांबल्या? घाला ना."

"अरे पण... नियम?"

"नियमातच तं लिवलं हाये. 'कुरडया, पापड इत्यादी वाळवन घालून ये.' म्या पाठ केलं ना, एक-एक अक्षर. मले तं लय बरं वाटलं. म्हटलं, पुन्यात बी मानूस मानसाले ये म्हन्ते."

बाकी सगळ्यांना अर्थ आधीच ठाऊक होता, म्हणून ते वाचत नव्हते. नागोरावला अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून त्याने अक्षरं वाचली होती. यमुनाबाई पाटीकडे गेल्या. चष्मा वर-खाली केला. मग वळून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रावसाहेब नदीतल्या जलपर्णीकडे टक लावून बघत होते, जणू तिचंही मुद्रितशोधन करायचं होतं.

"चीक गार होतोय," ते म्हणाले.

त्यानंतर दोन तास हात चालत राहिले. सोऱ्या दाबला जात होता, पांढऱ्या कुरडया एकीशेजारी एक चादरीवर पडत होत्या, कमरजहां भाभी मिरच्या बाजूला ठेवून पाट सरकवत होत्या. साडेनऊला ऊन आलं. यमुनाबाईंनी सोऱ्या खाली ठेवून, कमरेवर हात देऊन त्याच्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

साडेदहाला सौमित्र योगासनांची चटई घेऊन खाली आला.

"काकू! हे काय? अहो, रूल आहे ना!"

"आहे की," यमुनाबाई म्हणाल्या. "वाच."

सौमित्रने वाचलं. मग जवळ जाऊन वाचलं. मग कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा पडला. त्याने ताबडतोब फोन लावले, आणि पंधरा मिनिटांत सोसायटीची समिती डेकवर, बांबूच्या चिमूटभर सावलीत, दाटीवाटीने उभी राहिली. दत्तप्रसाद सर मिनिट्सची वही घेऊनच आले होते. दहा-बारा बघेही जमले. रविवार होता, आणि घरात बसण्यापेक्षा हे बरं होतं.

"हे ऑब्व्हियसली टायपो आहे," सौमित्र म्हणाला. "'घालू नये' असंच होतं. सर, तुम्हीच तर मीटिंगमध्ये वाचलंत, 'घालू नये'."

दत्तप्रसाद सर ताठ झाले. "मी जे लिहिलेलं असतं तेच वाचतो."

"म्हणजे तुम्ही 'घालून ये' वाचलंत?"

सर अडकले. 'नये' वाचलं म्हणावं, तर समोरचं न बघता वाचलं असं होणार. 'ये' वाचलं म्हणावं, तर मंजूर झालं तेच पाटीवर आहे. तीस वर्षं त्यांनी मुलांना 'पुस्तकात बघून वाच' म्हणून पट्ट्या मारल्या होत्या. "मी जे लिहिलेलं असतं तेच वाचतो," त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा हळू.

"ओके. मग आपण आता करेक्ट करू. समिती इथेच आहे. एक ठराव, आणि काकू हे उचलतील. सॉरी काकू."

"अशक्य," सर म्हणाले. हरल्याचं दुःख त्यांना नियमात विसरता येत असे. "'ये'चं 'नये' केलं की नियमाचा अर्थ उलटतो. अर्थ बदलायला सर्वसाधारण सभा लागते, चौदा दिवसांची नोटीस लागते. समितीला फक्त मुद्रणदोष दुरुस्त करता येतो."

"मग मुद्रणदोषच आहे ना हा!" सौमित्र रावसाहेबांकडे वळला. "काका, तुम्ही तपासलंय. तुमची सही आहे. तुमच्या नजरेतून चूक सुटत नाही हे सगळ्यांना माहितीये. तुम्ही फक्त सांगा, इथे चूक आहे की नाही. तुम्ही म्हणाल ते फायनल."

सगळे रावसाहेबांकडे बघायला लागले.

आता आली पंचाईत. 'चूक नाही' म्हणावं, तर ते धडधडीत खोटं. आणि खोटं छापून घेणारे लोक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, स्वतः कधी तशी सही केली नव्हती. 'चूक आहे' म्हणावं, तर ओल्या कुरडया उचलाव्या लागणार. ओली कुरडई उचलली की तिचा गोळा होतो, पुन्हा ती कुरडई होत नाही. त्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. त्या चादरीच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या, हाताला चीक वाळून पांढरा झाला होता. नवरा चूक झाकणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चादरीची दोन टोकं हातात घेतली. उचलायच्या तयारीने.

"चूक आहे," रावसाहेब म्हणाले.

यमुनाबाईंची मान खाली गेली. सौमित्रने सुटकेचा निःश्वास टाकला. "थँक यू, काका. सर, लिहून घ्या."

"थांबा. कोणती चूक, ते नको का लिहायला?" रावसाहेब पाटीजवळ गेले आणि नवव्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. "ये. हे एकेरी आहे. हा काय घरगडी बोलावताय? सोसायटीच्या नियमात सभासदांना अरे-तुरे? 'यावे' पाहिजे. 'वाळवण घालून यावे.' आदरार्थी." त्यांनी पाटीवरचं बोट काढून घेतलं. पुढचं वाक्य त्यांनी एकेचाळीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. "हे माझ्या नजरेतून सुटलं."

सगळ्यांच्या माना पाटीवरून रावसाहेबांकडे वळल्या. नदीकडून एक बगळा उडाला, त्याच्याकडेही कुणी पाहिलं नाही.

"काय म्हणालात?" दत्तप्रसाद सरांनी विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं.

"सुटलं माझ्या नजरेतून."

"तुमच्या?"

"माझ्या."

"चूक सुटली, तुमच्या नजरेतून, असं आपण म्हणता आहात. सर्वांसमक्ष."

"हो."

सरांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मुलीच्या लग्नातही तो दिसला नव्हता. वाळवण, डेक, नियम, सगळं त्यांच्या दृष्टीने संपलं. "हा निव्वळ भाषिक दोष आहे," त्यांनी घाईघाईने जाहीर केलं. "अर्थ बदलत नाही. समितीच्या अधिकारात येतो. 'ये'ऐवजी 'यावे', मी सूचना मांडतो. आणि दोष कोणाच्या नजरेतून सुटला, याची नोंद झाली पाहिजे."

"माझं अनुमोदन!" समितीवर नसलेल्या कमरजहां भाभी म्हणाल्या. "सकाळपासून मला खटकतंय. सत्तरीची बाई मी, आणि ही पाटी मला 'ये' म्हणते."

"बरोबर आहे," नवव्या मजल्यावरच्या, सदाशिव पेठेतून आलेल्या एक बाई म्हणाल्या. "मेंटेनन्स घेताना 'आपण' आणि पाटीवर 'ये'!" मग सगळेच बोलायला लागले. नव्या-जुन्यांचं गेल्या सहा महिन्यांत ज्या गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते इथे झालं: कुणालाही एकेरी चालणार नव्हतं. सौमित्र "पण पॉइंट तो नाहीये" असं तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्या बाईंनी त्याला सुनावलं, "तुम्हाला चाड नसेल आदराची, आम्हाला आहे." समितीतल्या सातांपैकी सहा हात वर झाले. सातवा सौमित्रचा होता. त्याने सगळीकडे बघून तोही वर केला. कमरजहां भाभींनी त्याच्या हातात पातेल्याच्या तळचा उरलेला चीक, तूप घालून, वाटीत दिला. तो त्याने आरामखुर्चीवर बसून मुकाट्याने खाल्ला, आणि थोड्या वेळाने आणखी आहे का असं विचारलं.

दत्तप्रसाद सरांनी उभ्याउभ्या मिनिट्स लिहिली, रावसाहेबांची सही घेतली, आणि शाई वाळायच्या आत पानाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

सहाला ऊन उतरलं. डेकवर दोघंच होते. कुरडया वरून कडक झाल्या होत्या, उद्या उलटायच्या होत्या. यमुनाबाई आरामखुर्चीत बसून फोन डोळ्यांजवळ धरून काहीतरी वाचत होत्या. रावसाहेब पाटीकडे पाठ करून उभे होते. दिवसभरात बारा जणांनी त्यांना "होतं हो असं, वय झालं की" म्हणून समजावलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या जिवाचा तिळपापड झाला होता. एकेचाळीस वर्षांची पुण्याई, एका वाक्यात गेली. आणि तीही न सुटलेल्या चुकीसाठी.

"तुम्ही पहिल्या दिवशीच पाहिली होतीत ना?" यमुनाबाईंनी विचारलं.

"वाचताक्षणी."

"आणि राहू दिलीत."

"हो."

"माझ्यासाठी?"

रावसाहेबांनी 'कुरडयांसाठी' असं म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाले, "तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी नसती राहिली माझ्याच्याने."

यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग फोन पुढे केला. "आणि ही? ही पण माझ्यासाठी का?"

सरांच्या पानाचा फोटो होता. यमुनाबाईंनी दोन बोटांनी मोठा केला होता. 'सदर दोष श्री. रावसाहेब मोहोळकर यांच्या नजरेतुन सुटला, हे त्यांनी मान्य केले.' खाली त्यांची सही.

"'नजरेतुन'. 'तु' ऱ्हस्व आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "'घरातुन'ला मला तीनदा गोल मिळालाय तुमच्याकडून. माहेरी लिहिलेल्या पत्रात."

रावसाहेबांनी फोन हातात घेतला. चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं, मग खाली आणून पाहिलं. ऱ्हस्वच होता. दत्तप्रसाद सरांच्या हातची, ठळक, निळ्या शाईतली चूक, आणि बरोबर तिच्याखाली 'रा. मो.' सकाळी सरांनी वही पुढे केली तेव्हा यमुनाबाई आणि कमरजहां भाभी चादरीच्या दोन बाजूंना बसून कशावर तरी हसत होत्या. तोंडावर हात ठेवून, दोन वर्षांत हसल्या नव्हत्या तशा. रावसाहेब तिकडे बघत होते. कागदाकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"ग्रुपवर टाकू का?" यमुनाबाईंचे डोळे चमकत होते. "सरांची जिरेल."

रावसाहेबांनी फोन परत दिला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि कुरडया आत न्यायला यमुनाबाई उठल्या तशी चादरीचं दुसरं टोक धरायला त्यांच्यासमोर वाकले.